डार्क रोमान्स, काही महिने सलग वाचल्यावर

पावसाळ्यात सुरुवात आणि नाशिकची थंडी बोचायला लागेपर्यंत मुख्यतः हाच एक प्रकार, असं हे वाचन होतं. बरंचसं किंडलवर, काही छापील, थोडं ऑडिओ आणि तोंडी लावायला मराठी अ‍ॅपवरच्या मालिका. या ढिगातून चांगलं पुस्तक निवडायला एक प्रश्न पुरतो: नायक जे करतो त्याची किंमत कथेत कोणी मोजतं का? मोजत असेल तर अपहरण, सूड, कैद, काहीही वाचावंसं वाटतं. मोजत नसेल तर पन्नास पानांत कंटाळा येतो, धक्का बसणं तर दूरच.

नवख्यांसाठी थोडक्यात. डार्क रोमान्समध्ये नायक गुन्हेगार, पाठलाग करणारा, सूडाने पेटलेला किंवा सक्तीने लग्न लावून घेणारा असतो. टॅबूमध्ये नातंच निषिद्ध असतं: सावत्र भाऊ, वडिलांचा मित्र, प्राध्यापक, पाद्री. रोमान्स असल्यामुळे दोन्हीकडे शेवट मात्र गोडच लागतो, नाहीतर वाचक लेखिकेला सोडत नाहीत. हे काही कालपरवाचं खूळ नाही. १९७० च्या दशकातल्या अमेरिकी ऐतिहासिक रोमान्समध्ये नायकाची जबरदस्ती आणि मागाहून प्रेम हा ठरलेला साचाच होता. तेव्हा त्याला कोणी ‘डार्क’ म्हणत नव्हतं आणि पहिल्या पानावर इशारा छापत नव्हतं, एवढाच फरक.

तो इशारा, म्हणजे ट्रिगर वॉर्निंग, नीट वाचता आला की निम्मं काम झालं. ‘यात काळे विषय आहेत’ एवढंच लिहिलं असेल तर तो इशारा नाही, जाहिरात आहे. कामाच्या यादीत चार गोष्टी कळतात. कृत्य कोणतं, ते नायकाकडून होतं की तिसऱ्याच कोणाकडून, प्रत्यक्ष पानावर घडतं की फक्त आठवणीत येतं, आणि संमतीचं काय. संमतीसाठी दोन शब्द सतत भेटतात. ‘डब-कॉन’ म्हणजे संमती संदिग्ध: धाक, नशा, कर्ज किंवा दुसरा पर्यायच नसणं. ‘नॉन-कॉन’ म्हणजे संमती नाहीच. नायिकेच्या भूतकाळात अत्याचार झालेला असणं आणि नायकानेच तो करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आळशी यादीत दोन्ही एकाच शब्दात उरकलेलं असतं. गंमत अशी की या वाचकवर्गाला खुनी नायक चालतो, बाहेरख्याली चालत नाही. म्हणून ‘चीटिंग नाही’ हे आश्वासन खुनांच्या यादीशेजारी ठळक छापलेलं दिसतं. कुत्र्या-मांजराला इजा होणार असेल तर तेही सांगतात.

किंडलवर इथेच गोची होते. पुस्तक पहिल्यांदा उघडलं की ते बहुधा थेट पहिल्या प्रकरणावर उघडतं, आणि इशारा तर त्याच्या आधीच्या पानांत असतो. त्यामुळे उघडल्याबरोबर उलटं सरकवत मुखपृष्ठापर्यंत मागे जायचं. काही लेखिका इशारा पुस्तकात न देता आपल्या वेबसाइटवर ठेवतात आणि पुस्तकात फक्त दुवा देतात. तोही उघडावा. फुकट नमुना साधारण दहा टक्के मिळतो, म्हणजे चारशे पानी कादंबरीची चाळीसएक पानं. त्यावर भाषा कळते, पण काळेपणा कळत नाही, कारण पहिला मोठा प्रसंग बहुतेक वेळा नमुना संपल्यावरच येतो. तिथे तीन तारेवाल्या प्रतिक्रिया उपयोगी पडतात. पाच तारेवाले भारावलेले असतात, एक तारेवाले चिडलेले. तीनवाले मात्र काय घडतं आणि काय खटकलं ते सांगतात.

मालिकांचा हिशेबही आधी लावायला हवा. ‘स्टँडअलोन’ असेल तर एका पुस्तकात एक जोडी निकालात निघते. ‘ड्युएट’ असेल तर पहिलं पुस्तक ऐन अडचणीत सोडतं आणि गोड शेवट दुसऱ्यात. डार्कमध्ये हे जास्त टोचतं, कारण पहिल्या भागाचा शेवट म्हणजे नायकाने केलेला सगळ्यात मोठा घात असतो आणि भरपाई पुढच्या पुस्तकात. मधेच थांबलं तर हाती फक्त घात उरतो. दुसरा भाग आलेला असल्याशिवाय पहिला हाती घेऊ नये.

आता ही पुस्तकं कुठे फसतात ते. सगळ्यात जास्त, पुस्तक साठ-सत्तर टक्के वाचून झालं की त्याच्या आसपास. तोवर नायक भीतिदायक असतो आणि लेखिकेला त्याला नवरा करायचं असतं. मग तीन पळवाटा येतात. पहिली, त्याचं भयंकर बालपण एका प्रकरणात ओतायचं आणि ते माफीनामा म्हणून चालवायचं. दुसरी, त्याच्याहून नीच माणूस आणायचा, म्हणजे तुलनेने हा देवमाणूस. माफिया कादंबऱ्यांत हे इतकं ठरलेलं आहे की नवा खलनायक सत्तराव्या टक्क्याला आला की पुढचं न वाचताही सांगता येतं. तिसरी पळवाट म्हणजे नायिकेचं पुन्हा अपहरण, या वेळी दुसऱ्याकडून, म्हणजे पहिला सुटका करायला मोकळा. या तिन्हींत एक समान खोट आहे: पहिल्या कृत्याबद्दल नायकाला कोणी जाबच विचारत नाही. जी पुस्तकं जमली त्यांत नायिकेला निघून जाता येतं, ती खरोखर जाते, आणि परतते ती स्वतःच्या अटींवर. दार उघडं असताना ती काय करते, या एका प्रसंगावर पुस्तक जोखता येतं.

दुसरी खूण नायिकेच्या आयुष्यात दिसते. तिला नोकरी, मैत्रीण, आई, कर्जाचा हप्ता, काही आहे का? नसेल तर नायकाने तिच्याकडून काहीच हिरावलेलं नसतं आणि कैदेला वजन येत नाही.

शरीराच्या बाबतीत या प्रकारात एक धोकादायक खोटेपणा आहे. गळा दाबणं हे इथे सर्रास प्रेमाच्या खेळात येतं, जणू ताकद आवरली की झालं. प्रत्यक्षात त्याची सुरक्षित मात्रा नसते. बाहेर खूण न उमटताही आतल्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते, आणि शुद्ध जायला काही सेकंद पुरतात. नशेत असलेल्याची संमती, ‘थांब’ म्हणण्याचा ठरलेला शब्द नसणं, हेही तसंच. कागदावर शोभतं, घरी करून पाहू नये. पाठलाग करणारा नायक कादंबरीत कितीही देखणा असो, इथे तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो, आणि पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वाचायला आवडलं म्हणजे आयुष्यात हवं असतं असं मुळीच नाही, हे या पुस्तकांच्या वाचकांना बाहेरच्या टीकाकारांपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

पानं फुगवण्याबद्दलही बोलायला हवं. किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे वर्गणी भरून हवी तितकी पुस्तकं वाचायच्या योजनेत, २०१५ च्या जुलैपासून लेखकाला वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात. त्यामुळे अडीचशे पानांत संपणारी गोष्ट पाचशेवर जाते. एकच भांडण आधी तिच्या, मग त्याच्या तोंडून. लाखभर शब्दांच्या कादंबरीला मिनिटाला दोनशे शब्दांच्या वेगाने आठ तासांहून जास्त लागतात, इंग्रजी सावकाश वाचणाऱ्याला अजून जास्त. दुहेरी निवेदनात त्याचं प्रकरण पुनरावृत्ती वाटलं तर सरळ पुढे उडी मारावी. फारसं काही हुकत नाही.

टॅबूची गोष्ट वेगळी, कारण निषिद्ध काय हे मुलुखागणिक बदलतं. इंग्रजी कादंबरी आते-मामे भावंडांच्या प्रेमावर तीनशे पानं अपराधी वाटून घेते आणि आपल्याकडचा वाचक जांभई देतो, कारण महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाची मुलगी करून घेणं ही रीतच आहे. चुलत किंवा मावस भावंडं म्हटल्यावर मात्र तोच वाचक दचकतो. वयाच्या अंतराचंही तसंच. पंधरा वर्षांचं अंतर आपल्या आज्यांच्या पिढीत कोणाला खटकत नव्हतं. पण वडिलांचा मित्र म्हणजे घरच्या चहाला आणि दिवाळीच्या फराळाला हक्काने येणारा माणूस. त्यामुळे लेखिकेच्या अपेक्षेपेक्षा ते कथानक इथे जास्त अंगावर येतं. ‘किती टोकाचं आहे’ याबद्दलच्या परदेशी शिफारशी म्हणूनच अर्ध्या कामाच्या.

मराठी अ‍ॅपवरच्या मालिकांत सक्तीचं लग्न आणि अब्जाधीश मालक यांचा सुकाळ आहे. भाग छोटे, शेवटी टांगून ठेवणारे. इशारा क्वचितच. मुख्य अडचण धीटपणाची: नायक जबरदस्ती करतो आणि पुढच्याच भागात सासूबाईंनी ठेवलेल्या मंगळागौरीत सगळं विरघळतं. इंग्रजी पुस्तकं निदान आपण काय करतोय हे जाणून करतात. कायद्याची भीती हे कारण मला पटत नाही. १९६२ च्या एका मराठी दिवाळी अंकातल्या कथेवर अश्लीलतेचा खटला चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये लेखकाच्या बाजूने निकाल दिला. आपल्या भाषेने ती लढाई केव्हाच लढून झाली आहे.

नाशिकमध्ये ही पुस्तकं मिळवायची तर सावाना, म्हणजे इथलं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासून कितीही समृद्ध असलं तरी त्याच्यावर विसंबू नये. यातलं बरंचसं स्वयंप्रकाशित असतं आणि ग्रंथालयांच्या खरेदीत सहसा येत नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या बाजूला छापील प्रती दिसतात, पण मुखपृष्ठ पाहून फसू नका. हल्ली उघड्या छातीच्या नायकाऐवजी फुलं, साप, खंजीर किंवा गोड कार्टून जोडपं असतं, आणि पुस्तक किशोरांच्या कपाटात जाऊन बसतं. नववीतल्या मुलीला वाढदिवसाला पुस्तक घेताना मागची बाजू आणि आतली पहिली चार पानं बघाच. पदपथावरच्या नकली प्रतींत नेमकी तीच पानं कधी कधी गायब असतात, शाई फिकट असते आणि मधली पानं उलटसुलट लागलेली असतात.

घरात एकच अकाउंट असेल तर खरेदी सगळ्यांच्या लायब्ररीत दिसते. किंडलच्या लॉक स्क्रीनवर चालू पुस्तकाचं मुखपृष्ठ येतं, ते डिव्हाइस ऑप्शन्समधून बंद करता येतं. पासकोडही तिथेच. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये शेजारचा पासधारक खांद्यावरून वाचतोच, तेव्हा अक्षर लहान ठेवा किंवा हेडफोन लावा. ऑडिओत दोन वेगळे आवाज असलेली आवृत्ती घ्यावी. एकटा निवेदक नायिकेचे संवाद किनऱ्या आवाजात म्हणायला लागला की गंभीर प्रसंगाचं हसं होतं.

भिशीच्या ग्रुपवर पीडीएफ फिरवण्याचा मोह टाळावा. कॉपीराइटचा भंग आहेच, शिवाय मजकूर अश्लील ठरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लागू शकतं, ज्यात पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. वाचून झालेली छापील प्रत सोसायटीच्या पुस्तकांच्या कपाटात द्यायची असेल तर आतल्या पानावर पेन्सिलीने ‘१८ वर्षांवरील’ लिहा आणि इशाऱ्याच्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा. मुखपृष्ठावर फुलं असतील तर हे विसरू नका.