डोंगरात उडताना: टॅबलेटवरचा ट्रॅफिक की रेडिओवरचा आवाज?

ऐरोलीच्या एका मित्राचा मुलगा अवर बिल्डिंगसाठी, म्हणजे उड्डाणाचे तास भरायला, अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला निघालाय. डीजीसीएच्या (आपल्याकडच्या विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) कमर्शियल पायलट लायसन्सला लागणाऱ्या २०० तासांपैकी बरेचसे तो तिथे उरकणार, आणि तिथवर गेल्यावर सेडोना, ग्रँड कॅन्यन वगैरे सोडणार थोडाच! रविवारी उपवन तलावावर भेटला तेव्हा त्याचा प्रश्न ठरलेला होता. "काका, एडीएस-बीचा पोर्टेबल रिसीव्हर घेऊ की चांगला हेडसेट? बाबा एकाचेच पैसे देणार आहेत."

(एडीएस-बी म्हणजे विमानाने आपली जागा आणि उंची रेडिओवरून आपोआप सांगत राहणं. रिसीव्हर ते पकडून टॅबलेटवर आसपासची विमानं दाखवतो.)

मी तिकडे उडत होतो तेव्हा दोन्ही घेतले. आधी रिसीव्हर, मग हेडसेट. पण रिसीव्हर विकून.

रिसीव्हरला उगाच नावं ठेवत नाही. फिनिक्सच्या आसपासच्या सपाट भागात तो लावला की डोळ्यांवरची पट्टी काढल्यासारखं वाटतं. प्रॅक्टिस एरियात मी आणि इन्स्ट्रक्टर दोघं मान मोडेस्तोवर बघायचो तेव्हा कुठे दोन विमानं दिसायची, टॅबलेटवर मात्र नऊ. तुमचं बहुतेक उड्डाण तिथेच होणार असेल, तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

डोंगरात हिशोब बदलतो. अमेरिकेत जानेवारी २०२० पासून एडीएस-बी आऊट, म्हणजे ही माहिती पाठवणारं यंत्र, सक्तीचं झालं, पण सगळीकडे नाही. १०,००० फुटांच्या खाली, मोठ्या विमानतळांपासून लांब, एखादं जुनं विमान ते न बसवता उडत असेल तर तो नियमभंग नाही. जमिनीपासून २,५०० फुटांच्या आत असाल तर १०,००० च्या वरही सूट आहे. म्हणजे डोंगरांत कडेकडेने हिंडणारा हौशी पायलट तुमच्या पडद्यावर असेलच असं नाही. शिवाय तिकडे दोन फ्रिक्वेन्सी चालतात, १०९० आणि ९७८ मेगाहर्ट्झ. एकीवरचं दुसरीवर पोचवायचं काम जमिनीवरच्या स्टेशनचं, आणि दरीत उतरलात की ते स्टेशन कड्यामागे जातं. पडदा कोरा दिसतो. कोरा म्हणजे आकाश रिकामं, असं मन लगेच मानून टाकतं.

तरी एवढ्यावर मी तो विकला नसता. विकला तो भुतामुळे.

भाड्याचं विमान रोज वेगळं मिळतं. प्रत्येक विमानाचा स्वतःचा सहा अंकी-अक्षरी कोड असतो, तो अ‍ॅपमध्ये बदलला नाही तर रिसीव्हरला तुमचंच विमान परकं वाटतं. प्रेस्कॉटहून फ्लॅगस्टाफकडे जाताना, ओक क्रीक कॅन्यनच्या तोंडाशी, हेडसेटमध्ये अ‍ॅपमधली बाई ओरडली: ट्रॅफिक, सेम अल्टिट्यूड, अंतर शून्य. मी डावीकडे वळलो, तोही डावीकडे. उजवीकडे आलो, तोही आला. डाव्या खिडकीत लाल कडा एवढा जवळ आला की त्यावरची झुडपं वेगवेगळी दिसायला लागली. शेजारी बसलेला डोंबिवलीचा मुलगा शांतपणे म्हणाला, "दादा, ते आपणच आहोत."

हसलो तेव्हा. नंतर हसू आलं नाही. मी विसराळू आहे हे मान्य, पण कोड बरोबर भरूनही एक-दोनदा तसंच झालं. मग मला सवय लागली ती इशारा वाजला की बोटाने बाजूला सारायची. लांडगा आला रे आला. तिसऱ्या आठवड्यात सेडोनाजवळ मी असाच एक इशारा सारला आणि पुढच्याच क्षणी रेडिओवर आवाज आला: हेलिकॉप्टर, विमानतळाच्या उत्तरेला दोन मैल, ५,५०० फूट, दक्षिणेकडे. मी तिथेच होतो, दोनशे फूट वर. खाली पाहिलं तर रोटर फिरताना दिसला.

म्हणून आवाज, म्हणजे रेडिओवर आपली जागा सांगणं आणि दुसऱ्याची ऐकणं. अर्थात त्यालाही कष्ट आहेत. "लाल दगडांवर आहे" असा कॉल सेडोनात देणं म्हणजे दादर स्टेशनवर "मी गर्दीत उभा आहे" असं फोनवर सांगणं. नकाशावर छापलेली नावं पाठ हवीत, तीही तिथल्या उच्चारांसकट. मी घरी आल्यावर गाडीत सराव करायचो: "घोडबंदर ट्रॅफिक, पांढरी वॅगनआर, पातलीपाड्याला, गायमुखच्या दिशेने, घोडबंदर." कोणाला सांगतोय, मी कोण, कुठे, किती उंचीवर, कुठे चाललोय, आणि शेवटी पुन्हा जागेचं नाव. (उंची वॅगनआरला लागू नाही, पूल सोडला तर.) बायकोने दोन दिवस सहन केलं. गायमुखच्या घाटात आंधळ्या वळणाआधी आपण हॉर्न देतो, त्याचाच हा प्रकार. समोरच्याकडे कुठलंही यंत्र नसलं तरी कान असतो.

ग्रँड कॅन्यनमध्ये हे फारच व्यवस्थित बांधलेलं आहे, आणि त्याला कारण आहे. ३० जून १९५६ ला तिथे दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ जण गेले. १८ जून १९८६ ला पर्यटकांचं विमान आणि हेलिकॉप्टर आदळून २५. त्यानंतर खास नियम आले. आता १४,५०० फुटांच्या खाली आपल्यासारख्यांना ठरलेल्या कॉरिडॉरमधूनच ओलांडता येतं. उत्तरेला जाणारे ११,५०० किंवा १३,५०० फुटांवर, दक्षिणेला येणारे १०,५०० किंवा १२,५०० वर, आणि प्रत्येक भागाची बोलायची फ्रिक्वेन्सी नकाशावरच छापलेली. तिथले टूर पायलट भराभर बोलतात. माझ्या जुन्या हेडसेटमध्ये इंजिनाच्या घरघरीत निम्मे शब्द बुडायचे, नवा घेतल्यावर कळलं की मी तोवर अंदाजानेच मान हलवत होतो.

आता दुसरी बाजू, कारण ती झाकणं बरं नाही. १३ मे २०१९ ला अलास्कात, केचिकनजवळ, पर्यटक घेऊन परतणारी दोन सीप्लेन (पाण्यावर उतरणारी विमानं) हवेत धडकली. सहा जण गेले. चौकशीचा निष्कर्ष असा की नुसत्या डोळ्यांनी बघून टाळण्याला मुळातच मर्यादा आहेत, आणि दोन्ही विमानांतल्या ट्रॅफिक दाखवणाऱ्या यंत्रणांनी इशारा दिला नाही. टकरीच्या मार्गावरचं विमान काचेत हलतच नाही, एका जागी ठिपक्यासारखं राहतं, डोळा त्याला पकडत नाही. तिथे नीट चाललेला इशारा कामाला आला असता. त्यामुळे रिसीव्हर निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही. ज्याचं स्वतःचं विमान आहे, कोड एकदाच भरायचा आहे, त्याचा अनुभव कदाचित अगदी उलट असेल.

पण भाड्याची विमानं, डोंगर, आणि एकाच वस्तूचे पैसे, असं गणित असेल तर मी हेडसेटकडे झुकतो. त्याला तेच सांगितलं. नॉइज कॅन्सलिंगवाला, म्हणजे इंजिनाचा आवाज दाबणारा, सेकंडहँड घे, कानाच्या गाद्या तेवढ्या नव्या टाक. रिसीव्हर तिकडे फ्लाइंग क्लबमध्ये कुणाचा तरी कपाटात पडलेला असतो, उसना मिळाला तर लाव खुशाल. फक्त रोज सकाळी विमानाच्या शेपटीवरचा नंबर बघून कोड आधी भर, इंजिन नंतर चालू कर.