तीन नंबरची केशरी वायर: फिल्टरवाली फेसप्लेट, आठ महिन्यांनंतर

टेलिफोन सॉकेटवर बसणाऱ्या फिल्टरवाल्या फेसप्लेटबद्दल, म्हणजे सॉकेटच्या पुढच्या पट्टीबद्दल, पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. आता थंडी, पाऊस, सगळं बघून झालंय.

आम्ही इंग्लंडात, रेडिंगला राहतो. घर 1930 च्या दशकातलं. फायबर रस्त्यावरच्या हिरव्या कॅबिनेटपर्यंत, पुढे तांब्याची टेलिफोन लाइन. 35 एमबीपीएसच्या आसपास मिळतील असं सांगितलं होतं, मिळायचे 17. रविवारी दुपारी एकला, म्हणजे साताऱ्याला दिवेलागणीला, आईला व्हिडिओ कॉल लावायचा आणि दोन मिनिटांत चित्र अडकायचं. "अगं, दिसत नाहीयेस तू," एवढंच ऐकू यायचं. कंपनीला तीनदा फोन केला. नवा राउटर आला, स्पीड तोच.

शेवटी शेजारच्या काकांनी मास्टर सॉकेटचे, म्हणजे टेलिफोनची लाइन घरात येते त्या मुख्य सॉकेटचे, खालचे दोन स्क्रू काढायला सांगितले. खालची अर्धी पट्टी निघाली की आत टेस्ट सॉकेट असतं. त्यात राउटर लावला की घरातलं सगळं जुनं वायरिंग बाजूला पडतं. लावला, तर 37! म्हणजे बाहेरची लाइन ठणठणीत होती, दोष घरातच होता.

काढलेल्या पट्टीच्या मागे तीन वायरी होत्या. 2 आणि 5 नंबरवर निळी-पांढरी जोडी, आणि 3 वर केशरी. ही केशरी म्हणजे घंटीची वायर. जुन्या फोनची घंटी वाजवायला ती लागायची, आजच्या फोनना तिची गरज नाही. 2 आणि 5 च्या वायरी एकमेकींना पीळ घालून असतात, त्यामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्हींवर सारखाच येतो आणि मोडेमपाशी कटतो. घंटीची वायर एकाच बाजूला जोडलेली असल्याने हा तोल बिघडतो, आणि ती घरभर अँटेनासारखी पसरते. आमच्याकडे ती कार्पेटखालून वरच्या बेडरूमपर्यंत गेली होती, टोकाला हिरवट गंज चढलेली. ती सोडवली, टोकाला टेप लावली, पट्टी परत बसवली. 31 आले.

उरलेलं काम फिल्टरवाल्या फेसप्लेटने केलं. ब्रॉडबँडचा सिग्नल ती सॉकेटपाशीच वेगळा करते, पुढच्या जुन्या वायरींत जाऊच देत नाही. आता 36, आणि आठ महिन्यांत एक-दोनच इकडेतिकडे. आधी पाऊस लागला की लाइन तुटायची. तो दोष बाहेरचाच असणार असं मी धरून चालले होते, पण फेसप्लेट बसवल्यापासून तेही थांबलंय.

अडचण एकच. राउटर आता मास्टर सॉकेटजवळच ठेवावा लागतो, आणि आमचं सॉकेट मुख्य दाराशी आहे. अभ्यासाच्या खोलीपर्यंत दहा मीटर इथरनेट केबल भिंतीच्या कडेने ओढली. तिला वळण देताना एक संध्याकाळ गेली, पण घरातल्या घरात तेवढं करावंच.

घ्यायची असेल तर आपलं सॉकेट कुठल्या मॉडेलचं आहे ते आधी बघा, नव्या आणि जुन्याच्या पट्ट्या वेगळ्या असतात. पट्टी काढल्यावर भिंतीवर उरणाऱ्या भागाच्या मागच्या वायरींना हात लावू नका, त्या नेटवर्कच्या मालकीच्या. घंटी वाजताना लाइनवर चांगलाच व्होल्टेज असतो, तेव्हा काम करताना फोन येऊ देऊ नका. आणि स्पीड बघायला राउटर सारखा बंद-चालू करू नका: लाइन अस्थिर आहे असं समजून पलीकडची यंत्रणाच वेग उतरवते. मी पहिल्या दिवशी पाच वेळा केलं, पुढचे चार दिवस 28 वरच होते.