ब्रँकाची चॅपल, फ्लॉरेन्स: आदाम-एवेच्या दोन खांबांमध्ये

सांता मारिया देल कार्मिने हे चर्च आर्नो नदीच्या पलीकडच्या भागात आहे. बाहेरून अगदी ओबडधोबड. दर्शनी भिंतीचं काम कधी पूर्णच झालं नाही. ब्रँकाची चॅपल, म्हणजे भित्तिचित्रांनी भरलेलं छोटं प्रार्थनादालन, याच चर्चमध्ये आहे, पण पाहुण्यांना मुख्य दारातून सोडत नाहीत. उजवीकडच्या दाराने मठाच्या अंगणात शिरायचं, तिकीट दाखवायचं आणि मग आत. वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते, चॅपल ठरावीक दिवशी बंद असतं आणि एका वेळी मोजकीच माणसं आत घेतात. मिलानला राहणाऱ्या माझ्या भाचीने हे सगळं जुळवून दिलं. आम्हाला अर्धा तास मिळाला.

मी वसईची. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात फर्स्ट कम्युनियनच्या (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या) मुलांना आदाम-एवेची, म्हणजे देवाने मना केलेलं फळ खाऊन एदेन बागेतून हाकलल्या गेलेल्या पहिल्या जोडप्याची, गोष्ट शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "देवाला सगळं आधीच ठाऊक होतं, तर त्याने ते झाड लावलंच कशाला?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न, जो मला जास्त अवघड वाटतो: "फळ त्यांनी खाल्लं, मग पाप आम्हाला का?" मी इथे आले ती हे प्रश्न घेऊनच.

चॅपलच्या तोंडाशी दोन खांब आहेत. दोन्हींवर वरच्या बाजूला एकेक अरुंद चित्र, दोन मीटरहून उंच पण मीटरभरही रुंद नाही. उजवीकडे मासोलिनोने काढलेला मोह, डावीकडे मासाच्चोने काढलेली हकालपट्टी. १४२० च्या दशकात रेशमाचा व्यापारी फेलिचे ब्रँकाची याच्यासाठी दोघं एकाच मचाणावर काम करत होते. मासाच्चो तेव्हा पंचविशीच्या आसपासचा. पुढे तो रोमला गेला आणि तिथेच, सत्तावीस वर्षांचाही झाला नव्हता तोच वारला.

आधी उजवा खांब पाहा, आणि घाई करू नका. एवा एका हाताने झाडाला कवळून उभी आहे. सर्पाला बाईचं तोंड आहे, सोनेरी केस आहेत, आणि ते तोंड थेट तिच्या डोक्यावर. आदाम शेजारी शांत. पुष्कळ जण या चित्राला निर्जीव म्हणून पुढे सरकतात. मला ते पटत नाही. दोघांच्या चेहऱ्यावर ओढ नाही, भीती नाही, कुणी ढकललेलं नाही, कुणी धरलेलं नाही. इच्छा पूर्ण मोकळी असते तेव्हा माणूस असाच दिसत असणार. प्राचीन चर्चचे धर्मपंडित संत ऑगस्टीन सांगतात ते हेच: पतनाआधी, म्हणजे ते पहिलं पाप घडण्याआधी, माणसाला पाप न करणं शक्य होतं. म्हणूनच फळाकडे जाणारा हात माणसाचा स्वतःचा ठरतो.

आता वळा. डाव्या खांबावर दार मागे पडलंय, लाल झग्यातला देवदूत तलवार घेऊन वर आहे, आणि दोघं उघड्यावर चालू लागली आहेत. एवेचं तोंड उघडं, डोळ्यांच्या नुसत्या काळ्या खाचा. तिने दोन्ही हातांनी अंग झाकलंय. आदामाने मात्र अंग झाकलेलं नाही, त्याने दोन्ही हातांत तोंड लपवलंय. पोट आत ओढलं गेलंय, हुंदका छातीत अडकलाय. मी कितीतरी वेळ त्या हातांकडेच पाहत राहिले. ऑगस्टीनचा आग्रह होता की देहाने आत्म्याला पापी केलं नाही, पापी आत्म्याने देहाला नासवलं. मासाच्चोच्या आदामाला लाज वाटते ती शरीराची नाही, आपण जे निवडलं त्याची.

सुमारे १६८० मध्ये तिथला राजा तिसरा कोझिमो (मेदिची घराण्यातला) याच्या काळात या दोघांच्या कमरेवर पानं रंगवली गेली. १९८० च्या दशकात जीर्णोद्धार झाला तेव्हा ती काढली, १७७१ च्या आगीनंतर बसलेली काजळीही पुसली. फार बरं केलं. पानं असती तर नजर कमरेशी थांबली असती आणि पाप म्हणजे देह, ही आपल्याकडेही अनेकांच्या डोक्यात पक्की बसलेली चुकीची समजूत आणखी घट्ट झाली असती.

मुलांच्या दुसऱ्या प्रश्नाचं काय? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला नेमका हाच वाद पेटला होता. पेलाजियस नावाचा धर्मोपदेशक म्हणत असे की आदामाच्या पापाने आदामाचंच नुकसान झालं, प्रत्येक मूल पतनाआधीच्या आदामासारखंच जन्माला येतं. म्हणजे त्याच्या मते आपण सगळे उजव्या खांबाशी उभे आहोत. ऑगस्टीनच्या मते आपण सगळे डाव्या दरवाजातून केव्हाच बाहेर पडलो आहोत. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची शिकवण फेटाळली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने मात्र आदामाचा दोष वारशात येतो असं मानलं नाही, मरण आणि दुबळेपण येतं असं मानलं. आपली कॅथलिक शिकवणही सांगते की आदिपाप, म्हणजे आदामापासून आलेलं ते पहिलं पाप, आपल्याला लागलेलं आहे, आपण केलेलं नाही. चित्र पाहून मला हे सोपं झालं. तो हुंदका आदामाचा आहे, माझा नाही. पण ती दोघं ज्या उघड्या जमिनीवर चालतायत, त्याच जमिनीवर माझाही जन्म झाला.

आमच्या वेळेला एक गट होता. त्यांचा गाईड चित्रातल्या खोलीच्या आभासाबद्दल, सावल्यांबद्दल चांगलं बोलला, पण खांबांवर काय घडतंय याविषयी अवाक्षर नाही. अशा गटासोबत जाऊ नका असं मी म्हणेन.

आणि खालचे पट्टे चुकवू नका. ते फिलिप्पिनो लिप्पीने १४८० च्या दशकात पूर्ण केले. हकालपट्टीच्या खाली येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात आहे, गजांआडून प्रेषित पौलाशी बोलतोय. मोहाच्या खाली तोच पेत्र तुरुंगाबाहेर येतोय, पहारेकरी भाल्यावर रेलून झोपलाय आणि देवदूत त्याला नेतोय. एक देवदूत बाहेर हाकलतो, दुसरा बाहेर काढतो. बायबलमध्ये साखळ्या आपोआप गळून पडतात, पण वहाणा पेत्राला स्वतःच घालाव्या लागतात आणि मागे चालावंही लागतं. देवाची कृपा आणि माणसाचं इच्छास्वातंत्र्य यांचं नातं वर्गात मी इतकं स्पष्ट करून कधी दाखवू शकले नव्हते. परतल्यावर मुलांना हीच दोन चित्रं आधी दाखवणार आहे.

जाणाऱ्यांनी उत्पत्तीचा तिसरा अध्याय आणि प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय आदल्या रात्री वाचून ठेवावा. वरची चित्रं उंचावर आहेत, लहान दुर्बीण असेल तर न्या. आणि अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं फोन बाहेर काढू नका.