बिल पंपाचं, बदलली फक्त फोमची पट्टी: व्हॅक्यूम सीलर दुरुस्तीतली फसवणूक

घरच्या व्हॅक्यूम सीलरने, म्हणजे पिशवीतली हवा ओढून तिचं तोंड बंद करणाऱ्या मशीनने, हवा ओढणं कमी केलं की दुरुस्तीला नेल्यावर बहुतेक वेळा एकच निदान कानावर येतं: "पंप गेलाय." पंप हा या मशीनमधला महागडा भाग. तो बदलला म्हणून कोणी सांगितलं, तर मशीन उघडून बघणारा ग्राहक विरळाच. फसवणूक नेमकी इथे होते. ओढ कमी होण्याचं कारण पंपाच्या बाहेरच असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि ते घरच्या टेबलावर, स्क्रू न काढता शोधता येतं.

एका मशीनची हकिगत बघा. तक्रार नेहमीचीच होती. मोटर चालू राहते, पिशवीतली हवा अर्धवट निघते आणि सील मारण्याची पायरी येतच नाही. दुरुस्तीवाल्याने काउंटरवर स्वतःजवळची एक गुळगुळीत पिशवी लावून मशीन चालवलं. हवा निघाली नाही, निदान झालं, पंप आणि मजुरी असं बिल लागलं. घरी आल्यावर मशीन झकास चाललं. काही आठवड्यांनी तक्रार पुन्हा जशीच्या तशी. मग तळाचं कव्हर काढलं, तेव्हा पंप मूळचाच निघाला. त्याच्यावर धुळीचा अखंड थर होता, स्क्रूंवर कारखान्यात लावलेले रंगाचे ठिपके तसेच होते, नळीच्या टोकावरची जुनी क्लिपही हललेली नव्हती. बदललं होतं ते एकच, झाकणातलं वरचं गॅस्केट, म्हणजे हवा अडवणारी मऊ पट्टी. आणि तेही मशीनचं नव्हे, दारं-खिडक्यांच्या फटींना लावतात त्या चिकट फोमच्या पट्टीचं.

ग्राहकाला शंका का आली नाही, ते समजून घ्यायला हवं. बिघाड खरोखर गॅस्केटचाच होता. नवी पट्टी लागली, झाकण घट्ट बसलं, ओढ परत आली. साहजिकच पंप बदलल्यामुळेच मशीन सुरू झालं असं वाटलं. ती पट्टी दबली आणि ओल पिऊन फुगली, तेव्हा खरं बाहेर आलं.

या मशीनचं काम मुळात साधं आहे. झाकण बंद केलं की वरचं आणि खालचं गॅस्केट एकमेकांवर दाबून बसतात आणि मधल्या खोलगट खाचेभोवती बंद कडं तयार होतं. पिशवीचं तोंड त्या खाचेत असतं. पंप खाचेतली हवा ओढतो, तिच्यामागून पिशवीतली हवा येते. आतल्या नळीला एक बारीक फाटा असतो, तो दाब मोजणाऱ्या सेन्सरकडे किंवा स्विचकडे जातो. ठरलेली पातळी गाठली की मशीन आपोआप सीलकडे वळतं. कड्यात कुठेही गळती असेल तर ती पातळी गाठलीच जात नाही. पंप बिचारा धावत राहतो आणि शेवटी मशीन वेळ संपली म्हणून थांबतं. दोष पंपाच्या माथी मारला जातो तो यामुळे, कारण आवाज त्याचाच येत असतो.

म्हणून पहिली चाचणी पिशवी न लावता करायची. झाकण रिकामंच बंद करा, दोन्ही बाजूंच्या कड्या 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबा आणि बटण द्या. गॅस्केट आणि पंप ठीक असतील तर काही सेकंदांत मोटरचा आवाज जड होतो, झाकण खाली खेचलं जातं, हाताने उचलत नाही. सीलचा दिवा लागला की लगेच रद्द करा, पिशवी नसताना सील मारणारी पट्टी उगाच तापवू नका. इथे ओढ नीट मिळाली, तर पंपाचा विषय संपला. बिघाड पिशवीत किंवा ती लावण्याच्या पद्धतीत आहे.

ओढ नाही मिळाली तर मशीन चालू असतानाच झाकणाच्या दोन्ही टोकांवर तळहातांनी एकसारखा दाब द्या. दाब देताच आवाज बदलला, तर गॅस्केट दबलंय किंवा कडी सैल झालीय. पंप शाबूत आहे. ही एक चाचणी घरून करून गेलात तरी समोरच्याला थाप मारणं अवघड जातं. दाबूनही फरक पडला नाही, तर पुढची पायरी. डब्यांसाठी वेगळी नळी जोडता येणारं मशीन असेल तर ती जोडा, डब्याच्या पर्यायावर मशीन चालवा आणि नळीचं मोकळं टोक अंगठ्याने बंद करा. अंगठा जोरात ओढला गेला आणि आवाज जड झाला, तर गळती झाकणाच्या कड्यात आहे. तिथेही ओढ मरतुकडी असेल, तेव्हाच आतल्या नळ्या, हवा सोडणारा वॉल्व्ह आणि पंप यांच्याकडे संशयाने बघायचं. तेही त्याच क्रमाने.

गॅस्केट तपासायला उजेड आणि बोट पुरेसं असतं. नखाने दाबलेली खूण चटकन भरून आली पाहिजे. खालच्या कडेचा कायमचा चर वरच्या फोमवर उमटला असेल तर ते दबलेलं आहे. झाकण कडी लावून ठेवण्याच्या सवयीने हे हमखास होतं. सुटं निघणारं गॅस्केट काढून कोमट साबणपाण्याने धुवा, कापडात दाबून टिपा, पूर्ण वाळू द्या आणि उलटी बाजू वर करून बसवा. अनेकदा एवढ्यावर मशीन सुरू होतं. गोंदाने चिकटवलेलं असेल तर ओढू नका, फाटतं. पिठाचा कण किंवा एखादा केस कड्यात आडवा पडला असला तरी हवा तिथून आत येत राहते, म्हणून दोन्ही गॅस्केट आणि खाच ओल्या कापडाने पुसूनच पुढे जा.

पिशवीचं प्रकरण थोडं मोठं आहे, कारण काउंटरवरची फसवणूक तिच्याच आधाराने होते. अशा मशीनला किमान एका बाजूला उठावाची जाळी असलेली पिशवी लागते. त्या जाळीच्या बारीक वाटांमधून हवा बाहेर येते. दोन्ही बाजू गुळगुळीत असलेली पिशवी लावली की ओढ सुरू होताच तिचं तोंड चिकटतं आणि आतली हवा आतच अडकते. त्या वेळी पंप पूर्ण ताकदीने काम करत असतो, पण बघणाऱ्याला वाटतं की मशीनमध्ये दम नाही. गुळगुळीत पिशवीवर दाखवलेलं कोणतंही प्रात्यक्षिक मान्य करू नका. जाळीची पिशवी घरून घेऊन जा आणि तीच लावायला सांगा.

दुसरी युक्ती त्याहून वाईट. मशीन लागोपाठ चालवत राहायचं. सीलिंग पट्टी आणि मोटर तापली की मशीन स्वतःच्या संरक्षणासाठी बंद पडतं. "बघा, बोर्डपण गेला" म्हणून आतला सर्किट बोर्ड हा आणखी एक भाग बिलात येतो. तापून बंद पडलेलं मशीन झाकण उघडं ठेवून अर्धा तास थंड केलं की बहुतेक वेळा पूर्ववत चालतं. तोवर कुठल्याही बोर्डाला होकार देऊ नये. तिसरी युक्ती झाकणाची: एकाच बाजूची कडी नीट लावायची, दुसरी अर्धवट. म्हणून प्रात्यक्षिकाच्या वेळी झाकण तुम्ही स्वतः बंद करा.

पंप खरोखर जातो तेव्हा त्याच्या खुणा स्पष्ट असतात. मोटर घुमते पण फिरत नाही, जळका वास येतो, किंवा नळी काढून पंपाच्या तोंडावर थेट बोट ठेवलं तरी ओढ जाणवत नाही. यातली तिसरी खूण दिसली तरी लगेच पंप टाकायचा नसतो. रबरी पडद्याच्या पंपाच्या डोक्यात लहान रबरी पाकळ्या असतात, एक हवा आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. ओल्या पदार्थाचा रस ओढला गेला असेल तर तो पाकळीखाली वाळून बसतो आणि पाकळी बंद होत नाही. डोकं उघडून पाकळ्या पुसल्या की ओढ परत येते. फाटलेला पडदा मात्र बदलावाच लागतो. नळी सांध्यावर सैल पडली असेल तर टोकाचा 5 मिलिमीटर तुकडा कापून पुन्हा घट्ट बसवली की काम होतं. पाकळीच्या दुखण्यावर अख्खा पंप लावणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. उघडण्याआधी प्लग काढणं आलंच. पण प्लग काढल्यावरही आतल्या वीजपुरवठ्याच्या भागात कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहतो, त्या बाजूला हात घालू नये. हे काम जमणार नसेल तर जाणकारालाच द्या, फक्त डोळे उघडे ठेवून.

मशीन देताना झाकण, दोन्ही गॅस्केट, तळाचे स्क्रू आणि मॉडेल-क्रमांकाचं लेबल यांचे फोटो काढा. तळाच्या एका स्क्रूवर आणि त्याला लागून प्लास्टिकवर नेलपॉलिशची एक सलग रेघ ओढा. स्क्रू फिरला की रेघ तुटते. मशीन वॉरंटीत असेल तर मात्र स्क्रू किंवा स्टिकरला हात लावू नका. पावतीवर "ओढ कमी" एवढंच लिहून घेऊ नका, चाचण्यांचा निकालही लिहायला लावा: रिकाम्या झाकणावर ओढ नाही, दाब दिल्यावर येते. शेवटी, बदललेला जुना भाग परत मिळेल हे आधीच पावतीवर घ्या. पंप बदलल्याचं सांगणाऱ्याकडे जुना पंप असलाच पाहिजे. "फेकून दिला" हे उत्तर आलं तर बिलातल्या पंपाचे पैसे थांबवा आणि कव्हर समोर उघडायला सांगा.

सुटे भाग स्वतः घेणाऱ्यांनाही गंडवलं जातं. "सर्व मशीनला चालेल" म्हणून मिळणारी फोम पट्टी पाण्यात बुडवून दाबा. बुडबुडे सुटले आणि ती पाणी प्यायली, तर छिद्रं आरपार आहेत, म्हणजे तिच्यातून हवाही जाणार. बंद छिद्रांचा फोम पाणी पीत नाही. कापून लावायची पट्टी असेल तर टोकं काटकोनात कापून एकमेकांना भिडवावीत. सांध्यात राहिलेली फट हीच नवी गळती.

पिशव्यांच्या जाडीतही लबाडी चालते. पाकिटावर 100 मायक्रॉन छापलेलं असतं. गुळगुळीत बाजूचे 10 थर एकावर एक दाबून व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजण्याच्या साधनाने, मोजा, 1 मिलिमीटर भरायला हवेत. जाळीची बाजू मोजू नका, उठावामुळे आकडा फुगतो.

आणि नवं मशीन घेताना खोक्यावरचा ओढीचा आकडा वाचा. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 101 किलोपास्कल असतो, त्यापेक्षा जास्त ओढ कोणताही पंप निर्माण करू शकत नाही. उणे 120 किलोपास्कल, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा 120 ने कमी, असं लिहिलेलं मशीन खोटं बोलतंय, ते परत ठेवा. 1,500 मीटर उंचीवर हवेचा दाबच सुमारे 85 किलोपास्कल असतो. तिथे उणे 80 ला सीलकडे वळणारं मशीन ती पातळी गाठता न आल्याने धावतच राहील, आणि तिथला दुरुस्तीवालाही पंपच गेला म्हणेल. अशा ठिकाणी पिशवी घट्ट चिकटलेली दिसली की हाताने सीलचं बटण दाबावं.