करासकट की कराशिवाय? बिलिंगमध्ये विक्रीदर कसा भरावा

बिलिंग सॉफ्टवेअरच्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाची यादी भरतात तिथे, एक छोटासा चौकोन असतो: विक्रीदरात टॅक्स धरलाय की नाही. इन्स्टॉल करून देणारा मुलगा तो कुणाला न विचारता टिक करतो किंवा रिकामा सोडतो, आणि पुढे सगळा माल त्याच पद्धतीने भरला जातो. माझं जनरल स्टोअर्स आहे आणि दोन्ही पद्धती मी वापरल्यात. (कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असाल तर बिलावर कर लावायचाच नसतो, तुम्ही सुटलात.)

हिशेबाला कराशिवायची पद्धत स्वच्छ. खरेदीचा दर टॅक्सेबल, म्हणजे कराआधीच्या रकमेतच असतो, त्यावर मार्जिन चढवलं की झालं. सुटतंय किती ते तिथेच दिसतं. हार्डवेअर, इलेक्ट्रिकलवाल्यांनी बहुधा हीच घ्यावी. त्यांचं गिऱ्हाईक जीएसटी नंबर देतं आणि भावच 'प्लस जीएसटी' बोलला जातो.

22 सप्टेंबर 2025 ला टूथपेस्ट, शाम्पू 18 वरून 5 टक्क्यांवर आले, तेव्हाही हीच पद्धत सोयीची ठरली. रेट बदलला की 84.75 मूळ दराचा आयटम 100 वरून आपोआप 88.99 वर. करासकट भरलेल्या मालाची किंमत मात्र 100 च राहते आणि कमी झालेला कर गुपचूप मूळ दरात जाऊन बसतो. त्या आठवड्यात शटर ओढल्यावर मी एकेक किंमत हाताने उतरवत होतो.

तरी मी करासकटवरच आहे, आणि ते एका पैशापायी.

कपडे धुण्याच्या पावडरवर 18 टक्के कायम आहे. पाकिटावर छापलंय 100. कराशिवाय भरायचा तर दर 84.75. 18 टक्के अर्धे अर्धे लागतात: 9 टक्के सीजीएसटी (केंद्राचा) 7.63, एसजीएसटी (राज्याचा) तेवढाच. बेरीज 100.01! दहाच्या पुडीचं उलटं, 8.47 भरा, बिलावर 9.99. शेवटी राउंड ऑफ होतं, मान्य. पण एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत, आणि बिलाच्या ओळीत तिच्याहून पैसा जास्त. संध्याकाळच्या गर्दीत एखादे काका चष्मा सारखा करून ती ओळ वाचतात. "छापील किमतीपेक्षा जास्त कसं लावलं?" त्यांना पैसा परत नको असतो, उत्तर हवं असतं; आणि मुद्दा त्यांचाच बरोबर असतो. मागची रांग तोवर खोळंबते. करासकट भरलं की ओळीत सरळ 100 येतात, कर आतून काढला जातो आणि मला कुणाला काही समजवावं लागत नाही.

सूट कशी वजा होते तेही बघून घ्या. मी वापरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कराशिवायच्या आयटमवर 50 रुपये सूट टाकली की ती कराआधी वजा व्हायची, म्हणजे 18 टक्क्यांच्या मालावर बिल 59 ने उतरायचं. तुमच्याकडे वेगळं असू शकेल.

रेट काही दर महिन्याला बदलत नाहीत. काउंटर रोज उघडतो. छापील किमतीचाच माल जास्त असेल तर मी तरी करासकटच सुचवेन.

तयार कपडेवाल्यांनी मात्र एक गोष्ट आधी तपासावी. तिथे नगाची कराशिवायची किंमत 2500 पर्यंत असेल तर 5 टक्के, वर 18. टॅगवर करासकट 2600 असतील तर आतली किंमत 2476.19 निघते, म्हणजे 5 टक्केच. सॉफ्टवेअर टॅगचा आकडा बघून 18 लावत असेल तर ते घेऊ नका. डेमोच्या वेळीच असा एक ड्रेस टाकून बिल काढायला सांगा.