सत्तावन्नाव्या वर्षी दोरानं झाडावर: दिवाळी ते पावसाळा वापरल्यावर

दोरानं झाडावर चढायचं, दिवाळीपासून घेतलेलं सामान पावसाळा सरेपर्यंत वापरून झालं, म्हणून आता लिहायला हरकत नाही. माझं वय सत्तावन्न, बीपीची गोळी चालू आहे आणि उजवा खांदा अधूनमधून धरतो. अंबाजोगाईजवळ आमचं शेत आहे. बांधावर चिंचा, कडुनिंब, दोन जुने आंबे आणि विहिरीजवळ एक वड. लहानपणी झाडावर माझे भाऊ चढायचे, मी खाली परकर पसरून उभी. त्यामुळे ‘जुनी आवड परत आली’ असलं काही नाही, हे सगळं कोऱ्या पाटीवरचं आहे.

शिकवलं भाच्यानं. तो सह्याद्रीत कातळ चढतो, झाडांचं तंत्र त्यानंही नंतरच शिकून घेतलं. दोन्हींत फरक आहे. कातळावर माणूस हातापायानं चढतो आणि दोर असतो तो माणूस पडलाच तर झेलायला. इथं दोर आधीच वरच्या फांदीवरून टाकलेला असतो आणि सगळं वजन पहिल्यापासून त्याच्यावर. अमेरिकेत अटलांटात पीटर जेन्किन्स यांनी १९८३ मध्ये हौशी लोकांसाठी याची संस्था काढली, तेव्हा आपण काही नवीन खूळ काढलेलं नाही. गावाला हे पटवणं वेगळं. “काकू, काय करायलाव वर? काही अडकलंय का?” हे अजून ऐकावं लागतं.

खर्च साठ हजारांच्या आसपास गेला. बराचसा माल परदेशी, त्यामुळे हप्त्याहप्त्यानं घेतला. सगळ्यात वसूल झालेली वस्तू म्हणजे झाडासाठीचा बैठा हार्नेस. भाच्याचा कातळावरचा हार्नेस आधी लावून पाहिला होता. त्यात पाच-दहा मिनिटांत मांड्या बधिर होतात. झाडाच्या हार्नेसला कमरेला रुंद गादी आणि मांड्यांना जाड पट्टे असतात, पुढं दोराचा एक आडवा तुकडा असतो आणि त्यावर कडी इकडून तिकडे सरकते. त्यामुळे वर लटकताना बसल्यासारखं वाटतं, कूस वळवता येते. आमच्या वयाला हेच हवं. दम लागला की हात सोडून द्यायचे, पाणी प्यायचं, खालच्याला चार शब्द ऐकवायचे आणि मग पुढं. ज्यांचे पैसे मोजके आहेत त्यांनी बाकीची यंत्रं थांबवावीत, पण इथं काटकसर करू नये.

दोर साधारण बारा मिलीमीटरचा, कमी ताणणारा, आत गाभा आणि वर विणलेलं कवच असलेला. बाजारातला नायलॉनचा सोल किंवा गुरांचा कासरा कितीही दणकट दिसला तरी चालत नाही. त्याला माणूस टांगायची कसोटी लावलेली नसते, आणि आत किती झिजलाय हे बाहेरून कळत नाही. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या उघडझाप होणाऱ्या कड्या, आपोआप कुलूप लागणारेच घ्यावेत. साध्या आट्याचा कॅराबिनर सालीवर घासून उघडू शकतो.

आता ज्या गोष्टीनं माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ती. फांदीवरून दोर टाकायला आधी एक बारीक सुतळीसारखी गुळगुळीत दोरी टाकतात, तिच्या टोकाला तीन-साडेतीनशे ग्रॅमची छऱ्यांची पिशवी. पिशवी नेमक्या बेचक्यातून पलीकडे जायला हवी. अलीकडच्या डहाळीत अडकली की तासभर ओढाताण. चिंचेत तर डहाळ्यांची जाळीच असते. पहिले काही आठवडे मी चढले कमी आणि पिशवी फेकली जास्त. आमच्या गुराख्याचा पोरगा, जो दगडानं हव्या त्या आकड्याला नेम धरून चिंच पाडतो, त्यानं पहिल्या दिवशीच माझ्यापेक्षा बरी फेकली. मग त्यालाच फेकायला लावते आणि चढते मी. यात कमीपणा काही नाही.

फांदी निवडणं हाही जमिनीवरचाच उद्योग. मी मांडीएवढी जाड, हिरवी, खोडाजवळची फांदी बघते. दोर बसला की दोघंजण खालून त्याला लोंबकळून पाहतो, मगच एकीनं चढायचं. झाडांचा स्वभाव खेड्यातल्या म्हाताऱ्यांना आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो, त्यांना विचारावं. चिंच चिवट, तिच्यावर माझा सगळ्यात विश्वास. कडुनिंब बरा. जांभूळ आणि शेवगा दगा देतात, त्यांच्या वाटेला जायचंच नाही. जुन्या आंब्याची फांदी बाहेरून धडधाकट आणि आतून पोकळ असू शकते. खोडावर भूछत्रासारखी बुरशी दिसली की मी माघारी फिरते. आग्या मोहोळ दिसलं तर त्या झाडाकडे फिरकायचंसुद्धा नाही. दोरावर टांगलेल्या माणसाला पळता येत नाही. विजेच्या तारा जवळून गेलेलं झाडही बाद, मग फांदी कितीही सुंदर असो.

चढायच्या दोन पद्धती वापरल्या. पहिलीत दोराचं एक टोक हार्नेसला आणि दुसऱ्या बाजूवर ब्लेक नावाची गाठ. गाठ वर सरकवली की सरकते, वजन टाकलं की धरते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं १९३१ मध्ये मांडलेली गाठ याच कुळातली. यात हातभर दोर ओढला की माणूस वीतभरच वर जातो, पण ओढायला लागतं तेही निम्मंच वजन. अर्थात कागदावर. दोर नुसता सालीवरून गेला की घर्षणात तो फायदा बराच जातो आणि झाडाची सालही कापते. म्हणून फांदीवर दोन कड्यांचा पट्टा बसवून त्यातून दोर घेतात. तो पट्टा मी उशिरा घेतला. घेतल्यावर खांद्याची कुरकुर निम्म्यावर आली.

दुसऱ्या पद्धतीत दोर हलत नाही. पायाला आणि गुडघ्याला दोर धरणारी पकड लावून जिना चढल्यासारखं पावलापावलानं वर जायचं. ज्यांचे खांदे गेलेत आणि पाय शाबूत आहेत त्यांना हीच सोपी. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची: दोराचं दुसरं टोक खाली बुंध्याला बांधलं तर वरच्या फांदीवर जवळपास दुप्पट भार येतो. त्यामुळे फांदीही तशी जाड लागते. गुडघेदुखी असलेल्यांनी पहिलीच पद्धत धरावी. मी दोन्हींत अडकलेली आहे, खांदा कसा आहे त्यावर त्या दिवशीचं ठरतं.

माघात चिंच झोडायला आलेल्या गुत्तेदाराच्या माणसांनी हे सगळं बघितलं. ती माणसं काहीच न बांधता शेंड्यापर्यंत जातात, उभ्यानं फांदी हलवतात. त्यातल्या एकानं हार्नेस घालून पाहिला, वर जाऊन बसला, खूश झाला. उतरल्यावर म्हणाला, “मावशी, लई निवांत हाय. पण एवढ्या वेळात मी दोन झाडं झोडली असती.” खरं आहे त्याचं, मजुरी झाडावर असते, तासावर नसते. माझं माहेर देगलूरकडचं. तिकडं शिंदी उतरवणारे कमरेभोवती आणि खोडाभोवती एक दोर घालून सरसर चढतात. त्यांनाही कुणी हार्नेस दिलेला नाही. आमची हौस निवांतपणावर चालते, त्यांचं पोट वेगावर. सामान चांगलं आहे म्हणून ते सगळ्यांनी वापरावं, असं मी त्यामुळे म्हणत नाही.

ऋतूचं सांगते. कार्तिक ते माघ उत्तम. उन्हाळ्यात नऊच्या आत खाली यायचं, नंतर हेल्मेटखाली डोकं शिजतं. पावसाळ्यात साल निसरडी आणि काळी माती दोराला चिकटते. मातीचे बारीक कण दोराच्या विणीत शिरले की आतून घासतात, म्हणून खाली ताडपत्री अंथरल्याशिवाय दोर सोडत नाही. धुवायचा तो साध्या गार पाण्यात आणि वाळवायचा सावलीत. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत ठेवायचा नाही. आषाढात आम्ही चढणं जवळपास बंदच ठेवलं. तसंही तेव्हा पक्ष्यांची घरटी असतात. एका चिंचेच्या ढोलीत पिंगळ्याचं जोडपं आहे, ते झाड आम्ही त्यांच्याकडेच सोडलंय.

एकट्यानं चढायचं नाही, यात तडजोड नाही. खाली उभ्या माणसाला नुसतं “जपून” म्हणता येऊन उपयोग नाही, त्याला तुम्हाला उतरवता आलं पाहिजे. वर शुद्ध हरपलेला माणूस हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिला तर पायात रक्त साचून जिवावर बेततं. भाच्यानं सुनेला आणि गुराख्याच्या पोराला उतरवण्याची तालीम दिली, आणि मला पोत्यासारखं लटकवून ती करून घेतली. डॉक्टरांना विचारलं होतं. ते हसले, मग बीपी बघून म्हणाले, गोळी चुकवू नका आणि उपाशीपोटी चढू नका. उतरताना वेग आवरावा, गाठ तापते आणि नायलॉन वितळायला लागतं. हातमोजे त्यासाठीच.

शरीरात काय फरक पडला ते विचारतात. वजन तेवढंच आहे. हाताची पकड सुधारली, बरणीची झाकणं आता मीच उघडते. तोल जरा बरा झाला. पाठ दुखायची ती दुखतेच.

ज्यांना घ्यायचंय त्यांनी आधी येऊन माझा हार्नेस लावून अर्धा तास लटकून बघावं, आवडलं तर मग पैसे घालावेत. दोर मात्र मी कुणाला उसना देत नाही. मागच्या पोळ्याला शेजारच्यांनी बैलासाठी मागितला होता, तेव्हाही दिला नाही.