यशिका-मॅट १२४जी : अनोळखी माणसांचे फोटो विचारून काढणाऱ्यांसाठी

आधीच सांगतो, ज्यांना चालता चालता, समोरच्याला कळायच्या आत फोटो मारायचेत त्यांनी हा कॅमेरा घेऊ नये. त्यांच्यासाठी छोटा ३५ एमएम रोलचा कॅमेरा बरा, खिशातून काढला, टिपला, पुढे गेलो. पण बाजारात एखादा चेहरा दिसला की थांबावंसं वाटतं, विचारावंसं वाटतं, त्या माणसाशी दोन शब्द बोलून मग नीट फोटो काढावासा वाटतो, अशा लोकांना मी बिनधास्त हाच सांगेन, आणि का ते जरा सविस्तर सांगतो कारण नेटवरचे बहुतेक रिव्ह्यू लेन्सच्या शार्पनेसवरच अडकून बसतात.

यशिका-मॅट १२४जी जपानमध्ये १९७० ते १९८६ या काळात बनत होता. दोन लेन्सवाला, वरची बघायला आणि खालची फोटो काढायला, दोन्ही ८० एमएम, वरची एफ २.८ आणि खालची एफ ३.५ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो). १२० चा रोल लागतो, एका रोलमध्ये ६ बाय ६ चे १२ फोटो, आणि निगेटिव्ह ३५ एमएमच्या साडेतीन पटीपेक्षा मोठी. ज्यांच्या घरी आजोबांचा किंवा वडिलांचा आग्फा क्लिक-थ्री असेल त्यांना हे चौकोनी फोटो अल्बममध्ये दिसतीलच, तोच रोल, तेच १२ फोटो. शटर लेन्समध्येच आहे, एक सेकंदापासून १/५०० पर्यंत. उजेड मोजणारा मीटर सोडला तर कशालाच बॅटरी लागत नाही.

आता मुद्दा. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. छातीशी किंवा पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. याचा समोरच्यावर काय परिणाम होतो हे स्वतः रस्त्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. एसएलआर, म्हणजे डोळ्याला लावून बघायचा आरशाचा कॅमेरा, तोंडासमोर धरला की तुमचा चेहरा गायब होतो आणि समोरच्याला फक्त एक काळी वस्तू आपल्यावर रोखलेली दिसते, बरीच माणसं तिथेच आखडतात. इथे तुम्ही त्याच्यापुढे मान झुकवून उभे असता, चेहरा उघडा असतो, बोलत राहता येतं, फोकस झाला की मान वर करून त्याच्या डोळ्यात बघून हसता येतं आणि बोट फक्त बटण दाबतं. आणि शटरचा आवाज म्हणजे नुसतं चिक्. आत आरसा उडत नाही त्यामुळे धक्का नाही, मी १/३० सेकंदाला हातात धरून बिनदिक्कत काढतो. काचेतलं चित्रही फोटोच्या क्षणी काळं होत नाही, माणसाने डोळे मिटले का ते तुम्हाला तिथेच दिसतं.

मी जास्त करून पुण्यात मंडईत काढतो. सकाळी गाळ्यांवर माल लागून झाला की गिऱ्हाईक वाढायच्या आधी एक शांत वेळ असते, चहा चालू असतो, तेव्हा विचारायचं. "मावशी, एक फोटो काढू का तुमचा?" की ठरलेलं उत्तर, "माझा कशाला रे, म्हातारीचा? पेपरात येणारे का?" आणि हे म्हणता म्हणता पदर सारखा करून झालेला असतो. मग मी काय करतो, लगेच फोटो काढत नाही, आधी त्यांनाच काचेत बघायला देतो. मावशी खाली वाकून बघतात आणि त्यांना त्यांचाच शेजारचा गाळा, समोरची लिंबं, टांगलेला बल्ब असं सगळं त्या छोट्या चौकोनात उजळलेलं दिसतं, उजवं डावीकडे आणि डावं उजवीकडे. "अगं बाई, उलटं दिसतंय की सगळं!" शेजारचे काकाही बघायला येतात, कोणीतरी म्हणतं आमच्या लग्नात असलाच होता फोटोग्राफरकडे, रोल मिळतो का अजून, कितीला पडतो. एवढं होईस्तोवर तुम्ही अनोळखी राहिलेलेच नसता. डिजिटलवर मागचा स्क्रीन दाखवता येतो हे खरं, पण तो फोटो काढून झाल्यावर. इथे माणूस आधीच त्या कामात सामील होतो आणि ते फोटोत दिसतं, माझ्या निगेटिव्ह शेजारी शेजारी ठेवून मी हे बघितलंय.

पहिला फोटो जवळजवळ नेहमीच पासपोर्टसारखा येतो, ताठ मान, हात मांडीवर. तो काढायचाच, त्यांना तसाच हवा असतो आणि प्रिंट द्यायची ती त्याचीच. मग रोल पुढे सरकवायची क्रँक फिरवायची, "झालं हं" म्हणायचं नाही, विचारायचं की मेथी कुठून येते तुमची, आणि सासवडची का खेडची हे सांगताना जो चेहरा होतो तो दुसरा फोटो. एका माणसाला दोनच. १२ फोटोंत सहा माणसं, यापेक्षा जास्त माणसांशी एका सकाळी नीट बोलताही येत नाही असा माझा अनुभव आहे.

८० एमएम ऐकून बऱ्याच जणांना वाटतं पोर्ट्रेट लेन्स आहे. नाही, मोठ्या निगेटिव्हवर ती आपल्या ३५ एमएमवरच्या साधारण ४५ एमएमसारखी दिसते, आणि एक मीटरच्या आत फोकस होत नाही. म्हणजे नुसता चेहरा भरून घ्यायचा विचार सोडून द्या, कमरेपासून वर माणूस येतो आणि त्याच्याबरोबर तराजू, मागचा देव्हारा, हिशोबाची वही. मला तरी हेच हवं असतं. बाहेर रस्त्यावर जमिनीवर बसलेल्या भाजीवाल्यांचा फोटो उभ्याने डोळ्याच्या उंचीवरून काढला की तो वरून खाली बघितल्यासारखा येतो. इथे कॅमेरा आधीच पोटाशी असतो, जरासं उकिडवं बसलं की लेन्स बरोबर त्यांच्या नजरेच्या पातळीत. शिकागोत मुलं सांभाळायचं काम करणाऱ्या व्हिव्हियन मायरने कित्येक वर्षं असल्याच दोन लेन्सच्या रोलायफ्लेक्सने रस्त्यावरची माणसं टिपली, तिचे फोटो बघा, माणसं कशी उंच आणि भक्कम उभी दिसतात. आपल्याकडे छायापत्रकार होमाई व्यारावालांच्या हातातही रोलायफ्लेक्स असायचा, त्या मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकलेल्या. रोलायफ्लेक्सची किंमत मात्र आज ऐकवत नाही, म्हणून माझ्यासारख्यांना यशिका. लेन्स चार काचांची आहे, एफ ५.६ ते ८ ला इतकी स्वच्छ की बारा इंची प्रिंटवर स्वेटरची वीण मोजता येते, पूर्ण उघडी ठेवली तर कडा जराशा मऊ होतात, पोर्ट्रेटला ते उलट छान दिसतं.

त्रास काय आहेत तेही सांगतो. वजन १.१ किलो, पट्टा रुंदच घ्या. काचेत डावं-उजवं उलटं असल्यामुळे चालत्या माणसामागे कॅमेरा फिरवायला गेलं की हात उलट्या दिशेला जातो, सवयीने सुधारतं पण धावपळीच्या फोटोंना हा नकोच, पालखीच्या गर्दीत मी हा थांबलेल्या, विसाव्याला बसलेल्या वारकऱ्यांपुरता वापरतो. मीटरसाठी मूळ जो १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल होता तो आता बनत नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल, जवळपास तेवढंच व्होल्टेज देतो, आकाराने लहान म्हणून भोवती रबरी रिंग घालायची. सेलवरचा स्टिकर काढला की तो हळूहळू उतरायला लागतो, वापरा न वापरा, म्हणून पाकीट बॅगेत ठेवायचं. मीटर ४०० एएसएच्या (एएसए म्हणजे रोलचा वेग) रोलपर्यंतच आहे आणि समोरचं सगळं मिळून सरासरी सांगतो, त्यामुळे मागे उघडं आभाळ असेल तर चेहरा काळा पडणार. मी त्या माणसावर पडलेल्या उजेडात स्वतःचा तळहात धरतो, त्याचं मीटर घेतो आणि एक स्टॉप उघडतो, म्हणजे दुप्पट उजेड आत घेतो. आपल्याकडच्या उन्हात रापलेल्या चेहऱ्यांना यात कंजुषी करू नका, सावलीत डिटेल नसेल तर धुताना ते कुठून येणार.

रोल मी इलफर्ड एचपी५ प्लस हा ब्लॅक अँड व्हाइट वापरतो. धुवायला डी-७६ डेव्हलपर, पाण्यात एकास एक, २० अंशाला ११ मिनिटं. मे महिन्यात पुण्यात नळाचं पाणी २० अंशाला कधीच नसतं त्यामुळे परातीत बर्फाचं पाणी घालून त्यात बाटल्या ठेवायच्या, पावसाळ्यात उलट वाळायला वेळ लागतो. रोल, केमिकल, स्कॅन धरून एका फोटोमागे माझे शंभर रुपये तरी जातात. एवढे पैसे जातात म्हणूनच मी प्रत्येक माणसासमोर नीट थांबतो, आणि त्यातूनच एक पाच-सात इंची प्रिंट काढून ज्याची त्याला नेऊन देतो. ही प्रिंट देणं मी या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात महत्त्वाचं काम मानतो. फोटोचे पैसे कोणाला देऊ नका आणि प्रिंट द्यायला विसरू नका, पुढच्या वेळी अख्खी रांग तुम्हाला ओळखते. लहान मुलांचा फोटो आईबापाला विचारूनच, यात चर्चा नाही.

घेताना काय बघायचं. सेकंडहँडच मिळणार, आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पडून राहिलेला असेल तर पहिली शंका बुरशीची. मागचं झाकण उघडून, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं ती सेटिंग) उघडं धरून, मोबाईलच्या टॉर्चने लेन्स आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सोडून द्या. एक सेकंदाचा स्पीड लावून कानाने ऐका, मध्येच अडकतो का. क्रँक एका दमात फिरली पाहिजे, अडली तर जोर लावू नका. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झालेला असतोच, तो बदलून मिळतो. आत फिल्म दाबणारी पट्टी १२ एक्सपोजरवर आहे ना ते बघून घ्या, दुसरी सेटिंग २२० रोलची, तो आता दुकानात सहसा मिळत नाही. सेल्फ टायमर जुन्या शटरमध्ये अडकला की सगळंच अडकतं, त्याला हातच लावू नका. आणि शक्यतो जुना मेकॅनिक गाठून सर्व्हिसिंग करून घ्या, ही विद्या हातात असलेली माणसं आता कमी राहिली आहेत, त्यांचे पैसे घासाघीस न करता द्यावेत असं मला मनापासून वाटतं.

बजेट बसत नसेल तर जी नसलेला साधा १२४ बघा, फोटोत काहीच फरक पडणार नाही, जी म्हणजे मीटरच्या सर्किटला सोन्याचा मुलामा. त्याहून स्वस्त हवा असेल तर यशिका-डी, मीटर नाही, क्रँकच्या जागी फिरवायची गुंडी, पण शटर तसंच १/५०० पर्यंत आणि माणसासमोर मान खाली घालून उभं राहणं तेच. फक्त त्यात सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना तीन काचांची याशिकॉर लेन्स होती आणि नंतरच्यांना चार काचांची याशिनॉन, तर पैसे द्यायच्या आधी खालच्या लेन्सच्या कडेवर कोरलेलं नाव वाचून घ्या.